समुद्री गोगलगायींच्या वर्गीकरणात उपप्रजातीचे स्थान

पांढरकवड्यासारख्या समुद्रापासून दूरच्या गावी विद्यार्थ्याला समुद्री गोगलगायींचा परिचय प्रयोगशाळेतील कवचे व त्यांवरील चिठ्ठ्या यांतूनच होतो. म्हणून चिठ्ठीवर प्रजाती आणि जाती यांच्या दरम्यान उपप्रजाती लिहावी काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

लिनियसने १७५८ मध्ये कवडीचे नाव 'सायप्रिया मोनेटा' असे ठेवले. आज ती 'मोनेटारिया मोनेटा' आहे. 'सायप्रिया (मोनेटारिया) मोनेटा' या जुन्या लेखनात मात्र उपगटही दिसे आणि द्विनामही टिके; कारण नामकरण संहितेनुसार कंसातील उपप्रजाती द्विनामात मोजली जात नाही.

शंकुशंखांचे उदाहरण अधिक बोलके आहे. २००९ मध्ये टकर व टेनोरिओ यांनी 'कोनस'चे अनेक प्रजातींत विभाजन केले. २०१५ मध्ये प्युइलांद्र व सहकाऱ्यांनी रेणवीय पुराव्याच्या आधारे चारच प्रजाती मानून इतर अनेक गटांना उपप्रजातींचा दर्जा दिला. झिकोनोटाइड या वेदनाशामकाचे मूळ ज्या 'कोनस मॅगस'मध्ये आहे, त्याचे नाव 'पायोनोकोनस मॅगस' झाले असते, तर औषधशास्त्रातील पूर्वीचे संदर्भ शोधणे कठीण झाले असते. 'कोनस (पायोनोकोनस) मॅगस' या लेखनात ही अडचण उद्भवत नाही.

तथापि वर्गीकरण आणि ओळख या भिन्न क्रिया आहेत. रेणवीय पुराव्यावर आधारलेली उपप्रजाती झिजलेल्या कवचावरून निश्चित होईलच असे नाही.

सारांश, वर्गीकरणात उपप्रजाती उपयुक्त आहे. ओळखीत ती ऐच्छिक असावी. चिठ्ठीवर द्विनामासोबत आधारग्रंथ व त्याचे वर्ष अवश्य नोंदवावे.