काळोख रंगवायचा कसा?

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात काळे बिबटे आहेत. सावलीत ते नुसते काळे दिसतात. उन्हाची तिरीप अंगावर पडली की त्या काळ्यातूनच ठिपके उमटतात. मुलांसाठी भीतीचं चित्रपुस्तक करणाऱ्याने हा बिबट्या नीट पाहावा. सपाट काळा फासला की पान मुकं होतं. निळा, जांभळा, गर्द हिरवा असे थर चढवले की काळोखाला खोली येते आणि मूल त्यात काहीतरी शोधू लागतं. शोधण्यात गुंतलेलं मूल घाबरतं, पण पुस्तक मिटत नाही.

शैली बदलली की भीतीही बदलते. जलरंगात कडा विरघळतात. झाड कुठे संपलं आणि सावली कुठे सुरू झाली, ते कळत नाही. ही भीती रेंगाळणारी. कागद कापून चिकटवलेल्या राक्षसाला मात्र ठाम कडा असते. तो कितीही अक्राळविक्राळ असो, त्याची हद्द दिसते, म्हणून अगदी लहानांनाही तो झेपतो.

गोष्ट कशी सांगायची, हेही चित्रंच ठरवतात. मॉरिस सेंडक यांच्या १९६३ सालच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या चित्रपुस्तकात मॅक्स या मुलाच्या खोलीत जंगल वाढतं, तशी पानावरची चित्रंही मोठी होत जातात. अजस्र प्राण्यांचा धिंगाणा सुरू होतो तेव्हा सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. मॅक्स घरी परतल्यावर शेवटच्या पानावर चित्र नाही; आहे ते जेवण अजून गरम असल्याचं सांगणारे मोजके शब्द.

चित्रांच्या आधारे गोष्ट सांगण्याचं हे तंत्र आपल्याकडे जुनं आहे. जोयड्याहून गोवा ओलांडला की सिंधुदुर्गातलं पिंगुळी लागतं. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी सुट्या कागदांवरची चित्रं एकेक करून समोर धरतात आणि गात-बोलत रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. राक्षस कधी समोर आणायचा, हे तिथे सांगणाऱ्याच्या हाती असतं.

पुस्तकात ती सत्ता मुलाकडे येते. पुढे काय आहे याची धास्ती वाटली तर ते थांबू शकतं, मागे जाऊ शकतं, तेच पान दहादा पाहू शकतं. भीती आपल्या मापाने घेता येते, हे त्याला इथे कळतं. म्हणून अशी पुस्तकं मुलांपासून लपवू नयेत. शेजारी बसावं, वाचून दाखवावं. पान मात्र मुलालाच उलटू द्यावं.