अपघाताची भरपाई आणि घाईची तडजोड

मुंबई-गोवा हमरस्ता रत्नागिरी जिल्ह्यांतून जातो. बागेंतून परतणारा बागायतदार मोटारीच्या धडकेनें जायबंदी झाला, कीं थोडी रक्कम पुढें करून त्याची सही मागितली जाते. अशा वेळीं घाई करूं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, आपल्या राहत्या जिल्ह्यांतहि, करतां येतो. २०१९ च्या दुरुस्तीनें त्यास सहा महिन्यांची मुदत घातली आहे. औषधोपचार, बुडालेलें उत्पन्न, कायमचें अपंगत्व व सोसलेल्या यातना यांचा त्यांत विचार होतो.

‘जमीन शाबूत आहे, मग नुकसान कसलें?’ असा आक्षेप येतो. एका मृत शेतकऱ्याच्या दाव्यांत २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, जमीन वारसांकडे राहिली तरी ती पाहण्यास माणसें ठेवावीं लागण्याचा संभव असतो. जायबंदी धन्यासहि हेंच मांडतां येईल. त्यासाठीं सातबारा, आंब्याच्या विक्रीपट्ट्या, मजुरीच्या नोंदी व डॉक्टरी दाखले जपून ठेवावे.

तडजोड वाईट नव्हे. लोकअदालतींत ती रीतसर होते. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाहीं. म्हणून दुखापतीचा शेवट काय होतो तें पाहूनच सही करावी.