गिटार बदलते, हात तोच राहतो

चिंचवड-आकुर्डीच्या कारखान्यांत नवा जॉब आला की मशीनचे सेटिंग बदलावे लागते, हे इथल्या घराघरांत ठाऊक असते. टूल बदलले म्हणून कारागिराने कसब सोडले, असे कोणी म्हणत नाही. रॉक गिटारवादकाने मात्र ऐन उमेदीत वाद्य बदलले, जाहिरातींना संगीत दिले किंवा एखाद्या कंपनीच्या गिटारला आपले नाव दिले, की ‘हा आता बाजारू झाला’ असा शेरा तत्काळ मारला जातो. हा शेरा कितपत न्याय्य आहे?

मुळात इलेक्ट्रिक गिटार हे कारखान्याशी घट्ट नाते असलेले वाद्य. कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांच्या कंपनीने १९५४ मध्ये आणलेल्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ची मान भरीव लाकडी धडाला स्क्रूने जोडलेली होती. त्यामुळे उत्पादन सोपे झाले आणि बिघडलेली मान बदलणेही. तिच्या प्रत्येक पिकअपमध्ये तारेचे एकच वेटोळे असते. त्यामुळे आवाज लख्ख येतो, पण विजेची घरघरही त्यात शिरते. गिब्सन कंपनीच्या ‘हमबकर’मध्ये दोन वेटोळी अशी जोडतात की घरघर नाहीशी होते आणि आवाज भरदार होतो. म्हणजेच गिटार बदलणे ही केवळ हौस नव्हे. संगीताची गरज बदलली की साधनही बदलावे लागते.

अमेरिकेतील एडी व्हॅन हेलन यांना हे दोन्ही गुण एकत्र हवे होते. त्यांनी स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या धडात हमबकर बसवून स्वतःच गिटार जुळवली आणि १९७८ मधील पहिल्या अल्बमपासून ते गाजले. नव्वदच्या दशकात त्यांनी आधी म्युझिक मॅन आणि नंतर पीव्ही या कंपन्यांबरोबर आपल्या पसंतीच्या गिटार घडवल्या. २००७ मध्ये फेंडरच्या साहाय्याने ‘ईव्हीएच’ हा स्वतःचा ब्रँडच उभा केला. आधी प्रयोग, मग व्यवसाय, असा हा क्रम होता.

आपल्याकडील उदाहरण एहसान नूरानी यांचे. लॉस एंजेलिसच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला हा वादक ब्लूज आणि रॉकच्या वळणाचा. मुंबईत त्यांनी जाहिरातींच्या जिंगल्स केल्या. अवघ्या काही सेकंदांत परिणाम साधायचा, आज एका वस्तूसाठी एक सूर आणि उद्या दुसऱ्यासाठी दुसरा, ही शिस्त तिथे अंगवळणी पडते. शंकर महादेवन आणि लॉय मेन्डोन्सा यांच्यासमवेत त्यांनी ‘दिल चाहता है’ (२००१), ‘रॉक ऑन’ (२००८) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) अशा भिन्न प्रकृतीच्या चित्रपटांना संगीत दिले. पुढे फेंडरने त्यांच्या नावाची स्ट्रॅटोकास्टरही काढली. रॉक वादकाची ओळख या व्यावसायिक वाटेने पुसली गेली नाही.

अर्थात या वाटेवर धोका नाही असे नाही. मुदतीच्या कामात सवयीचेच सूर पुन्हा पुन्हा वाजवण्याचा मोह होतो. नावाची गिटार खपवायची असेल, तर लोकांना ठाऊक असलेलाच आवाज काढत राहावे लागते. म्हणून कसोटी एकच लावावी: संगीतासाठी वाद्य बदलले, की वाद्य विकण्यासाठी संगीत बदलले?

ही कसोटी ग्राहकालाही लागू पडते. मुलासाठी नामांकित वादकाच्या सहीची महागडी गिटार घेणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवावे, की त्या किमतीत मानेची जाडी, लाकूड आणि पिकअप मिळतात. तारेवरचा दाब, ती ओढण्याची ढब आणि थांबण्याची जाण मात्र रियाझानेच येते.