संगणकाचें माहितीपुस्तक : प्रकरणांची मांडणी

परगांवाहून आलेल्या वाटसरूला गांवाचा इतिहास आधीं ऐकावयाचा नसतो. त्याला मुक्कामाची वाट हवी असते. संगणक नव्यानें हातीं घेणाऱ्या कारकुनाची किंवा दुकानदाराची स्थिति अशीच असते. परंतु सॉफ्टवेअरचीं माहितीपुस्तकें बहुधा तें घडविणाऱ्यांच्या दृष्टीनें रचलेलीं असतात. प्रथम प्रस्तावना, मग पडद्यावरील भागांचीं नांवें, नंतर एकेका मेनूचें वर्णन. ज्याला तातडीचें एक पत्र छापावयाचें आहे, त्याला हवें तें पान सांपडत नाहीं. मग तो पुस्तक मिटतो आणि दोष आपल्या बुद्धीला देतो.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनीच्या वॉटसन संशोधन केंद्रांत जॉन कॅरोल व त्यांचे सहकारी यांनीं केला. कचेरींतील पत्रें व कागद तयार करण्याचें संगणक-यंत्र शिकणाऱ्या लोकांचें त्यांनीं निरीक्षण केलें. शिकणारा पुस्तक क्रमानें वाचीत नाहीं. तो आधीं यंत्राला हात घालतो, चुकतो आणि अडल्यावर पान उलटतो, असें त्यांना आढळलें. तेव्हां त्यांनीं एक आटोपशीर पुस्तक तयार करून त्याची परीक्षा घेतली. रूढ पुस्तकाच्या मानानें त्यावरून शिकणाऱ्यांना प्राथमिक कामें शिकण्यास सुमारें ४० टक्के कमी वेळ लागला. कॅरोल यांनीं हें सारें विवेचन १९९० सालच्या ‘द न्यूर्नबर्ग फनेल’ या ग्रंथांत केलें आहे.

या अनुभवाला धरून मांडणीचे कांहीं नियम सांगतां येतात. प्रकरणाचें नांव वाचकाच्या कामावरून ठेवावें. ‘फाइल मेनू’ या शीर्षकावरून नवख्याला कांहींच बोध होत नाहीं. ‘लिहिलेलें पत्र जपून ठेवणें’ हें वाचतांच तो योग्य जागीं पोंचतो. प्रकरणांचा क्रमहि कामाचाच असावा : आधीं लिहिणें, मग जपून ठेवणें, मग छापणें. क्वचित् लागणाऱ्या गोष्टी शेवटीं घ्याव्या. वाचक कोठूनहि आंत शिरतो, म्हणून प्रत्येक प्रकरण लहान व शक्य तितकें स्वयंपूर्ण असावें; मागील मजकुराची गरज पडल्यास पृष्ठांक द्यावा.

चुकीवरील उपाय त्या त्या पायरीजवळच सांगावा. छापण्याची आज्ञा देऊनहि कागद बाहेर आला नाहीं, तर गोंधळलेला माणूस पुस्तकाच्या अखेरचें परिशिष्ट शोधीत बसत नाहीं. सर्व आज्ञांची संपूर्ण यादी मात्र निराळी, वर्णानुक्रमानें द्यावी; ती जाणत्याच्या उपयोगी पडते, शिकाऊ माणसाला ती वाटेंत आडवी येते.

पुस्तक छापण्यापूर्वीं संगणक न जाणणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या हातीं तें द्यावें, एक काम नेमून द्यावें आणि लेखकानें जवळ मुकाट बसावें. ज्या पानावर तो गृहस्थ अडेल, तें पान लेखकानें पुन्हां लिहावें.