एजंटने आणलेला वकील आपला नसतो: नौपाड्यात घर घेताना आणि विकताना

नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीतलं वन रूम किचन. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने कळव्याच्या चाळीतली खोली विकून, वर बँकेचं कर्ज काढून ते घर घ्यायचं ठरवलं. टोकन दिलं. एजंट म्हणाला, "वकील आपलाच माणूस आहे, कागदाचं टेन्शन घेऊ नका." कुटुंबाने घेतलं नाही. घरात पहिल्यांदाच एवढा मोठा व्यवहार होत होता; कोणाला काय विचारायचं हेच ठाऊक नव्हतं.

विकणारे दोघे भाऊ होते. वडील वारल्यावर नॉमिनी म्हणून एका भावाचं नाव शेअर सर्टिफिकेटवर लागलं होतं. "तुम्हाला बहीण आहे का?" हा प्रश्न एजंटच्या वकिलाने विचारलाच नाही. बहीण होती, आणि तिचं हक्कसोडपत्र नव्हतं. करारनामा नोंदवून झाल्यावर तिची नोटीस आली. हे सगळं आमच्यापर्यंत आलं तेव्हा उशीर झाला होता. तडजोड व्हायला दीड वर्ष गेलं आणि खिशातून जादा पैसे गेले ते वेगळेच. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर कापला जात होता.

ठाणे-कल्याण पट्ट्यात वस्त्यांमध्ये काम करताना अशा घटना आम्ही वारंवार बघतो. आपली तरुण मुलं शिकली, नोकरीला लागली, आता स्वतःच्या नावावर घर घेत आहेत. पण घराचा दर, हप्ता, स्टेशनपासूनचं अंतर यावर जेवढी चर्चा होते, त्याच्या दहा टक्केही वकील कोण यावर होत नाही. म्हणून हा लेख.

वकील नेमका कशासाठी?

घर घ्यायला वकील हवाच, असा आपल्याकडे कायदा नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात तुम्ही स्वतः जाऊन करारनामा नोंदवू शकता. गैरसमज इथूनच सुरू होतो. सरकारी कार्यालयात नोंदणी झाली म्हणजे मालकी पक्की झाली, असं लोकांना वाटतं. नोंदणी म्हणजे हा दस्त या दोघांमध्ये झाला याची सरकारदरबारी नोंद. विकणारा खरा मालक आहे का, याची हमी त्यात नसते. ते शोधणं हे घेणाऱ्याचं काम आणि त्यासाठी वकील.

वकिलाने करायची कामं साधारण अशी: मागच्या ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेऊन सर्च रिपोर्ट देणं, पहिल्या मालकापासून आजच्या विकणाऱ्यापर्यंतच्या करारनाम्यांची साखळी तपासणं, मालक वारला असेल तर सगळे वारस कोण ते बघणं, घरावर बँकेचा बोजा किंवा कोर्टाचा दावा आहे का ते पाहणं, गरज असेल तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणं, आणि शेवटी करारनामा आपल्या बाजूने नीट लिहिणं.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीच्या नावावर सोसायटीने शेअर केले तरी बाकीच्या वारसांचा हक्क संपत नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू आहे आणि वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. दुसरी, केवळ मुखत्यारपत्रावर किंवा नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर घराची मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. आपल्या भागात खोल्यांचे व्यवहार आजही नोटरीवर होतात, म्हणून हे पुन्हा सांगावं लागतं.

डोंबिवलीच्या ६५ इमारती

"रेरा नंबर आहे, बँक लोन देते आहे, मग वकील कशाला?" हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. त्याचं उत्तर डोंबिवलीत आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्या महारेराला दाखवल्या गेल्या आणि त्यावर नोंदणी क्रमांक मिळवले गेले. अशा ६५ इमारती निघाल्या. वास्तुविशारद संदीप पाटील यांनी हे प्रकरण उच्च न्यायालयात नेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबं रस्त्यावर यायची वेळ आली. चूक करणारे वेगळे, भोगणारे वेगळे.

यातून धडा काय? रेरा नंबर ही तपासणीची सुरुवात आहे. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत बिल्डरकडून घ्यायची आणि महापालिकेच्या नगररचना विभागात ती खरी आहे का ते पडताळायचं. जो वकील बिल्डरने दिलेली झेरॉक्सची फाइल वाचून "क्लिअर आहे" म्हणतो, त्याने काम केलेलंच नाही. बँकेचा वकील असतो हे खरं, पण तो बँकेसाठी बघतो. त्याचा अहवाल बँकेच्या फाइलमध्ये जातो आणि पुढे काही झालं तरी बँक हप्ता सोडत नाही.

स्थानिक वकील का?

नौपाडा हे जुन्या ठाण्याचं वस्तीचं ठिकाण. इथल्या मिळकतींची नोंद नगर भूमापनात आहे. कागदावर टिका नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर असतो आणि बघायचं असतं प्रॉपर्टी कार्ड. डोंबिवली-कल्याणच्या गावठाणाबाहेरच्या जमिनीला सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो, तिथे सातबारा आणि फेरफार बघावे लागतात. एका जागेचा सराव दुसऱ्या जागी आपोआप उपयोगी पडत नाही.

नौपाड्यात आणखी तीन गुंते आहेत. एक, अनेक जुन्या सोसायट्यांच्या नावावर जमीनच झालेली नाही. प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालक किंवा बिल्डर आहे. अशा सोसायटीला १९६३ च्या मोफा कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरण करून घेता येतं. ते झालंय का, हे फ्लॅट घेण्याआधी विचारलं पाहिजे, कारण पुढचा पुनर्विकास त्यावर अडतो. दोन, काही घरं पागडीची आहेत. तिथे तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता; तो व्यवहार वेगळा, त्याचे कागद वेगळे. तीन, इमारतींचं वय. ४ ऑगस्ट २०१५ रोजी नौपाड्यातल्या बी केबिन भागात कृष्णा निवास ही जुनी इमारत मध्यरात्रीनंतर कोसळली आणि १२ माणसं गेली. इमारत धोकादायक यादीत आहे का, स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, पुनर्विकासाचा करार झाला असेल तर त्यात या फ्लॅटला काय मिळणार आहे, हे सगळं विकत घेणाऱ्याच्या वकिलाने सोसायटीच्या दप्तरातून काढायला हवं.

कल्याण-डोंबिवलीच्या गावांमध्ये किंवा गावाकडे जमीन घेताना आपल्या समाजाने एक गोष्ट विशेष बघावी: महार वतन. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडलं. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतनं संपली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. अशा जमिनीवर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद असते आणि सक्षम महसुली अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या अशाच जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. अशा जमिनीवर परवानगीविना इमारत उभी राहिली तर त्यात फ्लॅट घेणाराही अडकतो आणि वतनदाराचे वारसही फसतात. सातबाऱ्यावरचा हा एक शब्द वाचता येणारा वकील हवा.

पण स्थानिक असण्याची दुसरी बाजूही आहे. स्थानिक वकिलाची स्थानिक बिल्डरशी आणि एजंटशी ओळख असते. ओळख असणं गुन्हा नाही, लपवणं चूक आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार दुसऱ्या बाजूशी असलेला आपला संबंध वकिलाने पक्षकाराला सांगायलाच हवा आणि एका बाजूला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात विरुद्ध बाजूचं काम घेता येत नाही. म्हणून तोंडावर विचारा.

निवडताना काय विचारावं?

टोकन देण्याआधी दोन-तीन वकिलांना भेटा. एजंटने दिलेलं नाव बाजूला ठेवा. ज्यांनी त्या भागात अलीकडे घर घेतलंय त्यांना विचारा. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे मोठा बोर्ड किंवा मोबाइलवरचे तारे बघून भुलू नका. मग हे प्रश्न विचारा:

तुम्ही या बिल्डरचं, एजंटचं, विकणाऱ्याचं किंवा सोसायटीचं काम करता का?

तुमची सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची आहे ना? नोंदणी क्रमांक काय?

सर्च किती वर्षांचा घेणार? तुम्ही स्वतः घेणार की कोणाकडून करून घेणार?

सर्च रिपोर्ट माझ्या नावाने, सहीशिक्क्यानिशी देणार का? त्यात काय सापडलं नाही, तेही लिहिणार का?

फी किती, त्यात कोणती कामं येतात, आणि नोंदणीच्या दिवशी तुम्ही हजर असणार का?

शेवटचा प्रश्न लाजू नका. फी लेखी घ्या आणि पैशांची पावती मागा. "टायटल एकदम क्लिअर आहे" असं कागद बघण्याआधीच सांगणाऱ्यापेक्षा, "हे दोन कागद आणा, मग बोलू" म्हणणारा वकील बरा. आपल्याला घाई झालेली असते, एजंटला त्याहून जास्त. वकिलाला घाई नसावी.

थोडी तपासणी आपणही करू शकतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ शोधता येते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती असते. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही; जास्त मागितली तर तिथेच थांबा.

खर्चाचं गणित

ठाणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सध्या ७ टक्के आहे. ते कराराची रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव सोबत टाकलं की ती जाते. ५० लाखांच्या घरावर हा फरक ५०,००० रुपयांचा आहे. वकिलाच्या फीमध्ये काटकसर करण्यापेक्षा घर आईच्या किंवा पत्नीच्या नावावर घेण्याचा विचार करा. पैसे वाचतील आणि बाईच्या हातात मालकीही येईल.

घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विकणारा परदेशात राहत असेल तर नियम वेगळे, तेव्हा आधी विचारा.

विकणाऱ्यांनाही वकील लागतो

घर विकणाऱ्याला वाटतं, पैसे तर मलाच मिळणार, मला वकील कशाला? पण पूर्ण पैसे हातात येण्याआधी ताबा गेला, किंवा घेणाऱ्याचं कर्ज मंजूर झालं नाही तर टोकनचं काय, हे करारनाम्यात लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलंच. मूळ करारनामा हरवला असेल तर पोलिसांत तक्रार आणि जाहीर नोटीस आधीच करून ठेवा. वारसांची हक्कसोडपत्रं आधी नोंदवा. घेणाऱ्याच्याच वकिलाने लिहिलेल्या मसुद्यावर न वाचता सही करू नका.

'आमच्या सोसायटीत तुमचे लोक नाहीत'

असं कोणी उघड म्हणत नाही. आडनाव विचारलं जातं, मग "कमिटीची एनओसी लागेल" असं ऐकू येतं, मग मीटिंग होतच नाही. इथे कायदा माहीत असलेला वकील कामाला येतो. सहकार खात्याच्या आदर्श उपविधीनुसार फ्लॅटच्या हस्तांतरणाला सोसायटीच्या एनओसीची गरज नाही. हस्तांतरण शुल्काला ठाण्यासारख्या महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. सदस्यत्व अडवलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे दाद मागता येते. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा: "सोसायटीने अडवलं तर तुम्ही लेखी अर्ज, पोच आणि अपील करणार का?" तो "जाऊ द्या, दुसरीकडे बघा" म्हणाला, तर दुसरा वकील बघा.

फी परवडत नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत विधी सेवा मिळते. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि कायदेशीर सल्ला हाही विधी सेवेचाच भाग आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणजे हा हक्क आपला आहे. ठाण्यात कोर्ट नाक्याजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कल्याण न्यायालयात तालुका समिती आहे, आणि १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. जातीचा दाखला आणि घराचे कागद घेऊन जा.

कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. दर रविवारी विहारात आपण जमतोच. महिन्यातून एका रविवारी आपल्यातल्याच वकिलांना बसवा आणि घर घेणाऱ्या-विकणाऱ्यांचे कागद टोकन देण्याआधी बघून घ्या. नौपाड्यातल्या त्या घरासाठी असं कोणी अर्धा तास दिला असता आणि "बहीण आहे का?" एवढंच विचारलं असतं, तर एका कुटुंबाचं दीड वर्ष वाचलं असतं.

जय भीम.