करुण गेला, यंदा विदर्भाचं काय?

कुवेतमध्ये मल्याळी माणूस नसलेलं ऑफिस शोधूनही सापडणार नाही. आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये अर्धे केरळचे, आणि मी एकटा नागपूरकर. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत रणजीच्या फायनलला जामठ्यात विदर्भासमोर केरळच उभा राहिला, तेव्हा माझं काय झालं असेल, विचार करा!

२६ फेब्रुवारीला मॅच सुरू झाली. तो कुवेतचा मुक्तिदिन, म्हणून सुट्टी. भारतातले साडेनऊ म्हणजे इथले सकाळचे सात. चहा घेऊन मोबाईलसमोर बसलो, तर विदर्भ ३ बाद २४. टीमच्या ग्रुपवर हसण्याचा पाऊस. मग दानिश मालेवार आणि करुण नायरने २१५ धावांची भागीदारी केली आणि ग्रुप शांत झाला. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर कप आपल्याकडे आला. २ मार्चला मॅच संपली तेव्हा रमजान सुरू झाला होता. त्यामुळे पैजेचा चहा मला इफ्तारनंतरच मिळाला.

बाबांना फोन केला. विदर्भ १९५७ पासून रणजी खेळतोय. पहिला कप मिळाला तो थेट १ जानेवारी २०१८ ला, इंदूरला, दिल्लीला हरवून. बाबांची जवळजवळ सगळी नोकरी विदर्भाला हरताना बघण्यात गेली. लहानपणी सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर ते मला डबा घेऊन न्यायचे. आता आई नाही, ते एकटेच असतात. आमचा रोजचा फोन स्कोअरवर सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. तब्येतीचं विचारलं की म्हणतात, "ठीक आहे. तू स्कोअर पाह्यला का?"

आता १५ ऑक्टोबरपासून नवा सीझन. त्याआधी १ तारखेपासून जामठ्यातच इराणी कप. पण गेल्या रणजीत ८६३ धावा करणारा, फायनलच्या दुसऱ्या डावात १३५ काढणारा करुण परत कर्नाटकात गेला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला, आणि बडोदा नेमका आपल्याच गटात!

करुणची बातमी मी बाबांना चिडून सांगितली. ते म्हणाले, "चिडतं काऊन? बाहेरून आलेला माणूस एक ना एक दिवस आपल्या घरी जातेच." पुढे दोघंही बोललो नाही. मग त्यांनीच विचारलं, तिकडे गर्मी कमी झाली का.

तरी मला यंदा आशा आहे, आणि ती नुसती भक्तांची नाही. गेल्या रणजीत सगळ्यात जास्त धावा, ९६०, आपल्या यश राठोडच्या. हर्ष दुबेच्या ६९ विकेट, एका सीझनमधला रणजीचा विक्रम. याच महिन्यात दुलीप ट्रॉफीच्या फायनलला यशने १९४ केल्या. त्याआधी दानिशने त्याच स्पर्धेत द्विशतक मारलं. म्हणजे करुणची जागा भरायला घरचीच पोरं आहेत. कॅप्टन अक्षय वाडकर शांत डोक्याचा. भीती एकच, हर्षला भारत 'अ' संघाचं बोलावणं आलं तर विकेट कोण काढणार? गटात तामिळनाडू, उत्तर प्रदेश, बडोदा आहेत आणि पुढे दोनच संघ जाणार. माझा अंदाज, क्वार्टर फायनल नक्की. पुढचं दुसऱ्या डावात कोण टिकतं यावर.

केरळ यंदा दुसऱ्या गटात आहे, त्यामुळे गाठ पडलीच तर बाद फेरीत. शेजारच्या टेबलावरचा चेट्टा आत्तापासून म्हणतो, या वेळी चहा तू पाजणार.

बाद फेरी फेब्रुवारीत. मी दोन आठवड्यांची रजा आत्ताच टाकली आहे. मॅनेजरने कारण विचारलं, मी 'कौटुंबिक' लिहिलं. खोटं नाही ते. विदर्भ पोचला तर बाबांना घेऊन जामठ्याला जाणार, डबा मी करणार. नाही पोचला तर घरी बसून दोघं मिळून टीमला शिव्या घालू.

बाबांना अजून सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, रजा कशाला वाया घालवतं. म्हणून तिकीट काढल्यावरच सांगेन, तेही स्कोअर विचारून झाल्यावर.