नव्या मुलखातील पहिले धडे

जबलपूर शहराच्या कडेला रिछाई नावाची औद्योगिक वसाहत आहे. लहानमोठे कारखाने, त्यांच्या भोवती भाड्याच्या खोल्या आणि त्या खोल्यांतून दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेली माणसे, असे तिचे स्वरूप. शासकीय कामानिमित्त मला तेथील लोकांचे अर्ज पाहावे लागतात. एकदा भंडाऱ्याकडून नुकताच आलेला एक तरुण कामगार अर्ज घेऊन आला. प्रसिद्ध झालेल्या एका यादीवर हरकती मागवल्या होत्या आणि अर्जात 'आपत्ति का विवरण' असा रकाना होता. हिंदीत 'आपत्ति' म्हणजे हरकत. त्या मराठी मुलाने मात्र गेल्या पावसात आपले घर कसे पडले आणि पाठोपाठ वडील कसे वारले, ते त्या रकान्यात सविस्तर लिहिले होते. कचेरीत हशा पिकला. मीही हसलो. आपण काय चुकलो हे त्याला कळले नाही. आपल्याला हसले जात आहे, एवढे मात्र कळले. कागद उचलून तो निमूटपणे निघून गेला.

त्या दिवशी घरी परतताना मला माझ्या आईची आठवण झाली. सैन्यासाठी मालमोटारी बनवणारा कारखाना जबलपुरात १९६९ साली सुरू झाला. पुढे काही वर्षांनी माझे वडील वऱ्हाडातून तेथे नोकरीला आले. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्या राज्याच्या कारभाराच्या भाषा होत्या. माझे आईवडील आले तेव्हा मात्र हा परका मुलूख झालेला होता. मला शाळेत घालायला गेलेल्या आईने शिक्षिकेला आपल्या रीतीप्रमाणे आदराने 'बाई' म्हटले. इकडे शहरात घरकाम करणाऱ्या मोलकरणीला बाई म्हणतात. शिक्षिकेचा चेहरा उतरला. 'शिक्षा विभाग' ही पाटी वाचून, मुलांना शिक्षा करायला सरकारने वेगळे खाते काढले आहे की काय, असाही प्रश्न आईला पडला होता.

तिला या कोड्यांतून सोडवले ते शेजारच्या भाभीजींनी. शाळेत 'बहनजी' म्हणावे, येथे चेष्टा म्हणजे थट्टा नव्हे, प्रयत्न, हे त्यांनी एकदाही न हसता समजावले. पुढे संक्रांतीला त्या आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या आणि तिळगूळ देताना काय म्हणायचे, ते त्यांनी आईकडून शिकून घेतले. शिकवणारीही शिकते आहे, हे पाहून आईचा संकोच गेला.

श्रोतेहो, हिंदी आणि मराठी या तर सख्ख्या बहिणी, लिपीही एकच. तेथे ही गत, तर सर्वस्वी परक्या देशात गेलेल्यांचे काय होत असेल? याचे उत्तर आपल्याच एका समाजाच्या इतिहासात सापडते. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील गावांवरून दिवेकर, किहिमकर अशी आडनावे घेतलेले बेने इस्रायली शतकानुशतके कोकणात राहिले. त्यांची प्रार्थना हिब्रूत, संसार मराठीत. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील हजारो कुटुंबे टप्प्याटप्प्याने तिकडे गेली.

त्या राष्ट्राने नवागतांच्या भाषाशिक्षणाची मोठी व्यवस्था केली. 'उल्पान' नावाच्या या वर्गांपैकी पहिला १९४९ साली जेरुसलेममध्ये उघडला. साधारण पाच महिने रोज काही तास शिकायचे आणि तेही हिब्रूतूनच, कारण एका बाकावर बसलेल्या दोघांची मातृभाषा एक असेलच असे नाही. हिब्रू मजकूर सामान्यतः स्वरचिन्हांशिवाय छापतात. काना, मात्रा, वेलांटी गाळून मराठी वाचायची कल्पना करा, म्हणजे नवशिक्याची अडचण ध्यानात येईल. म्हणून त्याच्यासाठी स्वरचिन्हे घातलेली, सोप्या भाषेतील वृत्तपत्रेही निघाली.

एवढे करूनही सारे सुरळीत झाले नाही. काम, घर आणि वर्ण यांबाबत आपल्याला दुजाभाव सोसावा लागतो, अशी तक्रार करून बेरशेबा येथील भारतीयांच्या एका गटाने १९५१ साली सत्याग्रह केला आणि १९५२ साली सुमारे दीडशे जण भारतात परतले. त्यांतील बरेचसे काही वर्षांनी पुन्हा इस्रायलला गेले. पुढे १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने, विवाहाच्या वेळी बेने इस्रायलींच्या वंशाची खास चौकशी करावी, असा आदेश काढला. आपल्याच धर्माच्या देशात आपल्याला धर्माची साक्ष काढावी लागावी, हे शल्य त्यांना खोल लागले. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर धर्मपीठानेही आदेशातून त्यांचा खास उल्लेख वगळला.

यावरून मला जे दिसते ते असे. भाषा शिकवणे ही मदतीची केवळ सुरुवात आहे. भाषा दिली, पण बरोबरीचा मान दिला नाही, तर माणूस त्या भाषेतून तक्रारच लिहितो. शिवाय नवे शिकण्यासाठी जुने टाकावे लागत नाही. या समाजाने हिब्रू तर आत्मसात केलीच, पण 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तेथे चालवले. पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून एलिया पैगंबराचे स्मरण करण्याची कोकणातली चालही त्यांनी सोडली नाही. पाय रोवायला स्वतःची थोडी माती बरोबर असावी लागते. नवे रोपही मुळांवरची माती झटकून कोणी लावीत नाही.

त्या तरुणाला मी शोधून काढले आणि बोलावून घेतले. त्याची क्षमा मागितली आणि आपत्तीचा अर्थ सांगितला. मग मीही एकदा 'आपत्तियाँ आमंत्रित' हे शब्द वाचून, सरकार संकटांना आवतण देते की काय, असे विचारले होते, तेही सांगितले. तेव्हा तो हसला. आता कचेरीच्या खिडकीशी बसणाऱ्या लिपिकाला एवढेच सांगून ठेवले आहे की, अर्ज चुकला तर तो परत करू नये, बाजूला बसवून रकान्याचा अर्थ सांगावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही, मंजुरीही लागत नाही. लागतात ती पाच मिनिटे आणि आपणही कोठे तरी, कधी तरी नवखे होतो याची आठवण.